नाचरा हलणाऱ्याकडंच येतो

पलटण आसामात निघाल्याची तार युसूफ वडगावच्या पोस्टात आली तेव्हा मी दुकानातल्या पोत्यावर बसून गूळ खात होतो. रजा अजून बरीच शिल्लक होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तार वाचली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि गुळाची ढेप माझ्यापासून लांब सरकवली. निरोपाचा समारंभ एवढाच झाला.

सैन्यात मी देशासाठी गेलो, असं शाळेतल्या भाषणात सांगतो. खरं कारण तराजू. आमचं घराणं महादेवाचं भक्त आणि पिढ्यान्‌पिढ्या किराण्याच्या धंद्यात. दुकानदाराला काटा थांबेपर्यंत हात न हलवता उभं राहता आलं पाहिजे. मला ते कधी जमलं नाही. गिऱ्हाईक साखर मागायचं, मी तराजू उचलायचो आणि दोन्ही पारडी पाळण्यात बसल्यासारखी झुलायला लागायची. शेवटी अण्णांनी मला शेतात हाकललं, जवारीवरची पाखरं राखायला. माळ्यावर उभं राहायचं, गोफण फिरवायची, ढेकूळ मारायचं आणि नरड्याच्या शिरा फुगेस्तोवर ओरडायचं. हे काम मला मानवलं. पण जवारी काही बारा महिने उभी नसते. उरलेल्या महिन्यांची सोय भरतीनं केली.

केजला एसटी धरली. मांजरसुंबा गेलं, पाटोदा गेलं, आणि सौताड्याच्या फाट्यावर एकानं गाडीला हात केला. काळी ट्रंक खांद्यावर घेऊन उत्तम ओव्हाळ वर चढला. लान्स नायक, माझ्याच सेक्शनचा. त्यालाही तीच तार आली होती. त्याचं घर दरीच्या काठावरच्या वस्तीत.

“शेट, सरक,” तो म्हणाला. पलटणीत मला पहिल्यांदा शेट म्हणाला तो हाच. नंतर मद्राशी वॉशरमनपर्यंत सगळे म्हणायला लागले.

जामखेड यायच्या आत त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ठेवला म्हणजे दाबून धरला. “पाय कावून हलवतो बे? आख्खी सीट हलतीय.” मी पाय थांबवला. नगर येईपर्यंत त्याला तो हात आणखी किती वेळा ठेवावा लागला, ते मी मोजलं नाही.

आमची पोस्ट एका डोंगराच्या माथ्यावर होती. गावाचं नाव लिहीत नाही. खाली उंच झाडं, झाडांखाली बांबू, बांबूखाली वेत आणि वेताखाली जळवा. बीड जिल्ह्यातला माणूस झाड म्हटलं की बाभूळ आणि लिंब ओळखतो. इथं दुपारी बाराला जंगलात दिवे लावावेत असा उजेड. सकाळी हत्यारं रोखून स्टँड-टू, मग चहा, मग पेट्रोल म्हणजे गस्त, किंवा अँबुश, मग हत्यार सफाई, संध्याकाळी रोल कॉल. मी ऑपरेटर. पाठीवर वायरलेस सेट, त्याची एरियल दर दहा पावलांना वेलीत अडकणार, आणि मागचा जवान माझ्या आईवडिलांची चौकशी करणार.

पेट्रोलमध्ये निदान चालायला मिळतं. अँबुश म्हणजे वाटेच्या कडेला दबा धरून पडून राहायचं. खोकायचं नाही, खाजवायचं नाही, जळू चढली तर तिचं पोट भरेपर्यंत तिला पाहुणी समजायचं. बाकीच्यांना ही विश्रांती वाटायची. मला ती शिक्षा होती.

तिथंच मला नाचरा भेटला. चिमणीएवढा पक्षी. अंग काजळी रंगाचं, भुवई पांढरी, गळ्यावर पांढरा डाग. शेपूट हातपंख्यासारखी उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. एका फांदीवर दोन श्वास टिकत नाही. डावीकडं वळला, उजवीकडं वळला, हवेत गिरकी घेऊन किडा टिपला की दुसऱ्या फांदीवर. त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला बरं वाटलं. एवढ्या मोठ्या जंगलात माझ्या बिरादरीचा कुणीतरी होता.

आमच्या पहिल्याच अँबुशला तो आला. सकाळची वेळ, आम्ही वाटेच्या वरच्या अंगाला पालापाचोळ्यात पडलेलो. शेजारी उत्तम, पलीकडं सेक्शन कमांडर हवालदार जाधव. हा साताऱ्याचा माणूस. तोंडात कायम तंबाखू आणि त्यामुळं कायम खाकरणं. माझा पाय हलायला लागला. नाचरा माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर येऊन नाचू लागला. मी डोकं हलवलं, तो आणखी जवळ आला. मी कोपर सरकवलं, तो माझ्या एरियलवर बसला.

पुढं जे झालं ते मी केलं नाही. माळ्यावर वाढलेल्या हातानं केलं. हातानं ढेकूळ उचललं आणि भिरकावलं, आणि हाताबरोबर नरडं आपोआप उघडलं. जवारीवर आलेल्या पाखरांना घालतात तशी, शिवारभर ऐकू जाणारी हाळी मी भर अँबुशमध्ये घातली.

खालच्या वाटेवर धपकन आवाज झाला. सगळ्यांनी रायफली सरळ केल्या. ओहोळातून आमचे सुभेदार साहेब उठून उभे राहिले, कमरेपर्यंत ओले. जवान झोपलेत की जागे आहेत, हे बघायला ते पाऊल न वाजवता येत होते. माझ्या हाळीनं त्यांचा पाय निसटला होता.

“कौन चिल्लाया?”

“साब, मैं.”

“क्या देखा?”

“चिडिया, साब.”

“कितनी?”

“एक, साब.”

साहेब थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. बहुतेक माझ्या जिल्ह्यातून आणखी किती लोक सैन्यात आहेत, याचा हिशोब करत असावेत. मग त्यांनी पिठ्ठू लावला. भरलेलं पॅक पाठीवर घेऊन पोस्टच्या उतारावर पळायचं, ते म्हणतील तोवर. मी पळत असताना उत्तम कठड्यावर बसून चहा पीत होता.

शिक्षा संपल्यावर त्यानं चहाचा मग माझ्यापुढं केला. त्यानं सांगितलं की असाच पक्षी त्यांच्या दरीतही आहे, गळ्याचा डाग थोडा वेगळा, पण चाल तीच. तो लहानपणी शेळ्या घेऊन खाली जायचा तेव्हा नाचरा मागंमागं यायचा. शेळ्यांच्या पायांनी गवतातले किडे उडायचे, हा ते टिपायचा.

“गप बसल्याल्या शेरडाकडं ह्यो बघत बी न्हाई,” उत्तम म्हणाला. “ह्यो हलणाऱ्याकडंच येतो. तुझ्याकडं आला, आमच्याकडं कावून न्हाई आला?”

त्या दिवसापासून त्यानं नाचऱ्याला माझ्यावर हवालदार नेमलं. अँबुशमध्ये तो पक्षी माझ्याकडं वळला रे वळला की उत्तमचा हात माझ्या गुडघ्यावर यायचा. बोलायची गरज नसायची. हवालदार जाधवांनाही कळलं. माझ्या डोक्यावर काही फडफडलं की तेही डोळे वटारायचे.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी दुपारी आम्ही पेट्रोल संपवून पोस्टकडं परतत होतो. वाट एका खोल नाल्याच्या कडेकडेनं जाते. सगळ्यांत पुढं उत्तम, स्काउट म्हणून. त्याच्यामागं आणखी एक जवान, मग हवालदार जाधव आणि त्यांच्या पाठीला मी, कारण ऑपरेटर कमांडरपासून लांब राहत नाही. पलीकडच्या काठावरून फायर आला. पहिल्याच फैरीत उत्तम उडाला आणि कडेवरून खाली घसरत गेला. जाधव ओरडले, “लेट जाओ!” सगळे आडवे झाले.

नंतर कंपनीनं शाबासकीचा एक कागद दिला. त्यात माझ्याबद्दल लिहिलं होतं, सिपाही मिटकरी यांनी स्वतःच्या जिवाची पर्वा न करता जखमी साथीदारासाठी नाल्यात उडी घेतली. कागद घरी आहे, फ्रेम केलाय. घडलं ते असं की मी आडवा होताना सेटच्या वजनानं तोल गेला, चिखलावरून पाय सुटला आणि मी बसल्याबसल्या, घसरगुंडीवरच्या पोरासारखा, बांबूच्या बेटातून थेट उत्तमच्या शेजारी जाऊन थांबलो. रायफल वरच राहिली.

उत्तम उताणा पडला होता. गोळी मांडीत, अगदी वरच्या बाजूला, जांघेजवळ. रक्त उसळून येत होतं. मी सेट उतरवला आणि हँडसेट कानाला लावला.

“टायगर फॉर टायगर वन. कॉन्टॅक्ट. एक कॅज्युअल्टी. ओव्हर.”

“टायगर वन, लोकेशन भेजो. ओव्हर.”

“नाले में, साब. ओव्हर.”

“कौनसा नाला? ओव्हर.”

“जिसमें मैं गिरा हूँ, साब. ओव्हर.”

पोस्टवरच्या कॅप्टन साहेबांनी नर्सिंग असिस्टंटला सेटवर घेतलं. त्यानं जखम कुठं आहे ते विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, पट्टी तिथं बसणार नाही, रस्सीही बसणार नाही. “जांघ में मुठ्ठी गाड दो. पूरा वजन. मैं आ रहा हूँ. तब तक छोडना नहीं. हिलना नहीं. हिले, तो ये गया.”

मी मूठ रोवली. सगळं अंग त्या मुठीवर टाकलं. रक्त थांबलं. एवढंसं बोट सरकलं की पुन्हा यायचं.

उत्तमनं डोळे उघडले. “मूठ कुणाची हाय?”

“माझी.”

“मंग मेलो मी.”

वर फायर चालूच होता. जाधवांनी खाली यायचा एकदा प्रयत्न केला, समोरून फायर आला, ते मागं सरकले. त्यांनी वरूनच सांगितलं की पोस्टवरून दुसरी पार्टी निघाली आहे, ती नाल्याच्या तोंडाकडून वर येईल, तोवर तोंड बंद ठेवा. मग वर आणि पलीकडं, दोन्हीकडं शांत झालं. ती शांतता फायरपेक्षा वाईट होती. फायर चालू असताना निदान समोरचे कुठं आहेत ते कळत होतं.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. घड्याळ ज्या मनगटावर होतं ते मनगट उत्तमच्या जांघेत होतं. एक जळू मानेवरून निघाली, कानामागं थांबली, तिथं तिला आवडलं नसावं, पुढं गालावर आली. नाकात गवताची काडी गेल्यासारखं झालं. पाठीत कळ, खांद्यात मुंग्या. आणि मग गुडघा. तो आपोआप थरथरायला लागला, जसा एसटीत थरथरायचा, जसा दुकानात थरथरायचा. थरथर वर चढून खांद्यात आली, खांद्यातून मुठीत. बोटांच्या फटीतून गरम ओल आली.

उत्तमचा हात पालापाचोळ्यातून सरपटत आला. माझ्या गुडघ्यावर बसला. हात गार होता आणि त्याला दाबायचं बळ नव्हतं. नुसता ठेवला.

“शेट,” तो म्हणाला, “आजच्या दिवस.”

गुडघा थांबला.

थोड्या वेळानं नाचरा आला. समोरच्या बांबूवर बसला, शेपूट उघडली, मिटली. आमच्यावरून एक फेरी मारली. सेटच्या एरियलवर टेकला. मी त्याच्याकडं बघत होतो, पापणीसुद्धा हलवली नाही. त्यानं डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. आमच्याकडून एकही किडा उडेना. तो गेला. पाठीवर थाप पडावी तसं मला वाटलं. जन्मात पहिल्यांदा तो पक्षी माझ्याकडं येऊन रिकाम्या पोटी परत गेला होता.

मग तो खाली, नाल्याच्या वळणावर दिसला. एका झुडपावर गिरकी, मग पुढच्या झुडपावर, मग त्याच्या पुढच्या. आमच्या दिशेनं सरकत होता. झुडपाखाली काही दिसत नव्हतं.

उत्तमनंही मान तिकडं केली होती. “हितं शेरडं न्हाईत,” तो पुटपुटला.

मी हँडसेटमध्ये जेमतेम ऐकू जाईल असं विचारलं की आपली पार्टी नाल्यात शिरली का. उत्तर आलं, नाही, अजून तोंडाशी पोचलेली नाही. म्हणजे नाचऱ्याच्या खाली चालत होते ते आमचे नव्हते. सेटची खरखर ऐकू जाऊ नये म्हणून हँडसेट गालाखाली दाबला. गालावरची जळू त्याच्याखाली सापडली. एक मूठ उत्तमच्या जांघेत, एक गाल हँडसेटवर, रायफल वीस हात वर. लढाईची अशी पोझिशन कुठल्या पुस्तकात नसेल.

बांबूच्या बुंध्यांमधून पाय दिसले. दोन माणसांचे. रबरी बूट, चिखलानं भरलेले. एक जण लंगडत होता. ते ओढ्याच्या कडेनं आले, आमच्या बरोबर खाली थांबले. नाचरा त्यांच्या डोक्यावर नाचत होता. मला तेव्हा एकच भीती होती, की माझा गुडघा हलेल, एखादा किडा उडेल आणि तो पक्षी त्यांना सोडून माझ्याकडं येईल. उत्तमचा हात गुडघ्यावर तसाच होता. श्वास त्यानंही धरला होता.

नाचरा आमच्याकडं आला नाही. ते दोघं पुढं निघाले. तो त्यांच्यामागं गेला, झुडपामागून झुडूप, आणि दिसेनासा झाला.

पुन्हा तो आला तेव्हा उजेड पिवळा पडला होता. त्याच वळणावरून, तसाच झुडपांवर गिरक्या घेत. हे कोण ते कळायला मार्ग नव्हता. उत्तम आता बोलत नव्हता. मी वाट बघत राहिलो. तेवढ्यात खालून खाकरण्याचा आवाज आला, तंबाखूनं भरलेल्या घशाचा. दुसऱ्या पार्टीला वाट दाखवायला हवालदार जाधव वळसा घालून खाली गेले होते. ज्या खाकरण्याबद्दल त्यांना सुभेदार साहेबांच्या शिव्या बसायच्या, तेवढा गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

नर्सिंग असिस्टंटनं काम हातात घेतलं आणि मला मूठ काढायला सांगितलं. मूठ निघेना. बोटं उघडेनात. त्यांनी एकेक बोट सरळ केलं.

हेलिकॉप्टर धुकं उतरायच्या आत आलं. उत्तम वाचला.

पुढं तो मोठ्या दवाखान्यातून आजारी रजेवर घरी आला. माझी रजा त्याच सुमारास मंजूर झाली, म्हणून मी पाटोद्याला गेलो, तिथून जीपनं त्याच्या वस्तीवर. अंगणात बाजेवर उत्तम, भोवती आख्खी वस्ती. तो गोष्ट सांगत होता. मी नाल्यात कसा आलो, ते त्यानं बसल्याबसल्या घसरून दाखवलं. माझं कौतुक त्यानं असं केलं की ऐकून पोरं लोळत होती. त्याची आई, गयाबाई, चुलीपुढं भाकरी थापत होती. ती तेवढी हसली नाही.

“ह्यो गप बसला?” तिनं मला निरखून विचारलं. माझा पाय तेव्हाही हलत होता.

“बसला माय. म्या डोळ्यानं बघितलं,” उत्तम म्हणाला.

“मंग लईच वंगाळ येळ आलती म्हणायची,” ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

उत्तम पलटणीत परतला तेव्हा पाय थोडा ओढत होता. मेडिकल कॅटेगरीमुळं पेट्रोल बंद, म्हणून त्याला रसदीच्या गाडीवर दिलं. सगळे म्हणाले, आराम झाला. तो म्हणायचा, शेट आता जंगलात माझ्याशिवाय नाचत असंल.

पुढच्या रजेत मी केजच्या एसटीडी बूथवरून युनिटला फोन लावला. तेव्हा ते पिवळे बूथ नुकतेच जागोजागी निघाले होते आणि मला त्या काचेच्या खोलीत शिरायची हौस होती. रजा वाढवून मागायची होती. एक्स्चेंजवरचा ऑपरेटर माझा दोस्त, रोज चेष्टा करणारा. माझा आवाज ओळखून तो म्हणाला, “छुट्टी की बात बाद में, शेट.” मग त्यानं सांगितलं. रसदीच्या गाडीखाली सुरुंग. ड्रायव्हर आणि ओव्हाळ. डोक्यावर मीटरचे लाल आकडे पळत होते. बाहेर लोक काच वाजवत होते. मी रिसीव्हर ठेवला आणि पुढच्या माणसाला जागा दिली.

अस्थी आल्या तेव्हा मी वस्तीवर होतो. तेव्हापासून दरवर्षी जातो. पेन्शन आली, केस गेले, तरी चुकवत नाही. उत्तमच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. पांढरे कपडे घातलेली माणसं, बुद्धवंदना, त्रिशरण, मग दोन मिनिटं शांत उभं राहायचं. गयाबाईला आता उभं राहवत नाही. ती भिंतीला टेकून बसते आणि मला शेजारी बसवते.

मागच्या खेपेला मी ठरवून गेलो होतो की यंदा तरी नीट बसायचं. शांतता सुरू झाली तसे मी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबले. नाल्यात बसलो होतो तसा बसलो. श्वाससुद्धा बेतानं. अंगणाच्या कडेला चिंच आहे, तिच्यावर दरीतला एक नाचरा आला. शेपूट उघडली, मिटली. एवढी माणसं, आणि कुणीच हलत नव्हतं.

गयाबाईनं माझ्याकडं बघितलं. मग तिचा हात आला आणि माझ्या गुडघ्यावर बसला. मी आणखीच ताठ झालो.

“हाल की रं बाबा,” ती कानाशी म्हणाली. “तू गप बसलास की माझ्या जिवाला घोर लागतो.”

मी हात काढले. पाय हलू दिला.